अभ्र्यातले कागद

"रद्दी मत कहिए, साहब. बस, छप नहीं पाए." असं म्हणून ते म्हातारे दुकानदार रुमालाला हात पुसत आणि मगच मशीनखालचे डागाळलेले कागद एकेक करून उचलत.

जामा मशिदीजवळ त्यांचं कुराण आणि अरबी प्रार्थनापुस्तकांचं दुकान होतं. मी नोएडातल्या एका नव्या छापखान्याचा मॅनेजर. जुन्या दिल्लीतले छापखाने बंद पडत गेले, तसे ते आमच्याकडे आले. शाई नीट बसेपर्यंत काही कागद वाया जातातच. अल्लाचे शब्द छापलेले ते कागद रद्दीत घालायचे नाहीत, एवढीच त्यांची अट. दर शनिवारी दोन बस बदलून ते उशीचा पांढरा अभ्रा घेऊन येत, कागद त्यात भरत आणि कबरस्तानात नेऊन पुरत.

मी मराठी, म्हणून मी 'पेशवे साहब'. काम लांबलं की विचारत, "पानीपत भी देर से पहुँचे थे क्या?"

काम लांबायचंच. गुडगावच्या बिल्डरांचे चकचकीत कॅटलॉग आधी, मग त्यांची पुस्तकं. त्यांचं गिऱ्हाईकही बदललं होतं. नव्या कॉलन्यांतले लोक सोनेरी डबा, चेनचं कव्हर मागत. "काग़ज़ को हाथ लगाकर अब कोई नहीं देखता," ते म्हणत.

एकदा एक बिल्डर छापखाना बघायला येणार होता. फ्लोअर साफ करा, म्हणून मीच ओरडलो. रद्दीवाला सगळं घेऊन गेला, त्यांचे कागदसुद्धा. मला कळलं शुक्रवारी संध्याकाळी.

पुढचं मी आजवर घरीही सांगितलेलं नाही. ऑफिसात एखादी चूक तुम्ही कधी झाकली असेल, तर तुम्हाला कळेल. त्यांच्या पानांच्या छपाईच्या प्लेटा अजून होत्या. मी ऑपरेटरला थांबवून तीच पानं पुन्हा छापून घेतली आणि गठ्ठा कोपऱ्यात ठेवला.

शनिवारी त्यांनी हात पुसले. वरचा कागद उजेडात धरला. मग दुसरा, तिसरा. एकावरही डाग नव्हता, की दुहेरी छाप नव्हती. वाया गेलेल्या कागदांवर डाग हवेत, हे मला सुचलंच नव्हतं.

"वाह, पेशवे साहब," ते हळू म्हणाले, "इस बार तो रद्दी भी बेदाग निकली."

त्या कागदांना रद्दी म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी कागद अभ्र्यात भरले.

काम ते नंतरही आणत राहिले. पण छपाई संपेपर्यंत मशीनशेजारी स्टुलावर बसून राहत. सत्तरीच्या माणसाला दिवसभर पाठ टेकायला जागा नाही. मी चहा पाठवायचो. माफी मागितली नाही. पुढे पुस्तकं त्यांना बाहेरून तयार मिळू लागली आणि येणं थांबलं.

बऱ्याच वर्षांनी धीर करून दुकानात गेलो. तिथे मोबाइलची कव्हरं टांगली होती. "अब्बा को गुज़रे दो साल हो गए," मुलगा म्हणाला. मी माझं नाव सांगितलं. त्याला ओळख पटेना.

"वो... पेशवे साहब," मी म्हणालो.

तो स्टूल घेऊन वर चढला आणि सगळ्यात उंच फळीवरून अभ्रा काढून आणला. "ये अब्बा ने दफ़नाए नहीं. कहते थे, अच्छे-भले हैं. पेशवे साहब की अमानत है, कभी लेने आएँगे."

मेट्रोत बसायला जागा नव्हती. अभ्रा जड होता, खाली ठेवता आला असता. मयूर विहार येईपर्यंत मी तो छातीशी धरून उभा होतो.