विश्वंभर सरांनी काडीवर काय पाहिलं?

आधी तक्रार, मग नमस्कार. सरांचा फोन आता त्यांचे शिष्य उचलतात. "आजी, सर आराम करायलेत, आमाला सांगा." सांगितलं, की मधमाश्यांच्या पेटीत अळ्या मरायल्यात. एक म्हणाला, पेटी जाळून टाका. दुसरा म्हणाला, जाळू नका, पिठीसाखर भुरभुरा. तिसऱ्याने मलाच विचारलं, "कोणती पेटी?" आणि याच तिघांचं पत्र आलंय, की सरांच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथासाठी एक पान लिहा, गोड लिहा. लिहिते. पण माझ्या डोक्यातला गोंधळही त्याच पानावर येणार.

सगळ्यांना नमस्कार.

विश्वंभर सरांची माझी ओळख झाली ती भांडणातून. मधमाश्यांची एक पेटी माझ्याकडे होती, दुसरी नवी आणली. तिला हळदी-कुंकू लावलं आणि लिंबोणीखाली जुनीच्या शेजारी ठेवली. सर आम्हा बायांना शिकवायला सेलूहून आले होते. आल्या आल्या म्हणाले, "आजी, हिला पार त्या बांधावर न्या. महिनाभर जुनीजवळ आणायची न्हाई. संगट काय रोग घेऊन आली, कुणाला ठाव?"

"एवढे शिकलेले तुमी, अन् विटाळ पाळता व्हय?"

"माणसाचा न्हाई पाळत, आजी. माशीचा पाळतो," म्हणाले, आणि आमच्या सालगड्याच्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्याले.

सरांनी शिकवलेलं मी आजवर मोडलेलं नाही. पेटीच्या घोडीच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंगी चढत नाही. तळाची फळी झाडायची, नाहीतर मेणकिडा जाळं विणतो. एका पेटीत घातलेलं उलथणं सोड्याच्या उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय दुसरीत घालायचं नाही. आणि एका पेटीची फ्रेम, म्हणजे पोळ्याची लाकडी चौकट, दुसरीत कधीच घालायची नाही. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. चौथी नापास बाईला दम देणारे हे पहिलेच मास्तर.

पहिल्याच पावसाळ्यात ती बांधावरची पेटी बसली. अळ्या पोळ्यातल्या घरातच मेलेल्या, माश्या मूठभर. मी रडले नाही, शिव्या दिल्या. सर देवगाव फाट्याला उतरून चिखल तुडवत आले. फ्रेम उजेडाकडे धरली. काडेपेटीतली एक काडी मेलेल्या अळीच्या घरात घातली, हळूच ओढली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिले. काडी जाळली, हात धुतले, गेले. दुसऱ्या दिवशी आपल्या घरच्या पेटीतली भरलेली फ्रेम फडक्यात गुंडाळून घेऊन आले आणि माझ्या पेटीत घातली!

"सर, फ्रेम घालायची न्हाई म्हणून तीनदा म्हणवून घेतलं ना?"

"घेतलं."

"मंग हे काय घातलं?"

"फ्रेम," म्हणाले आणि चहा मागितला.

पेटी जगली. दिलेली फ्रेम सरांनी परत नेली नाही. दोनदा आठवण केली, तर "राहू द्या" म्हणाले. आपल्या भरल्या पेटीतलं काढून दुसऱ्याच्या मरत्या पेटीत घालणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता माझा घोळ. माझ्या धाकट्या जावेची सून चंद्रकला, तिने यंदा पहिलीच पेटी आणली. तिच्याही अळ्या मरायल्यात. रोज दारात उभी. "मोठ्या आत्याबाई, तुमची एक फ्रेम द्या की!" देऊ नये तर सरांनी दिलेली आठवते, द्यावी तर सर ओरडलेले आठवतात. म्हणून मीही तिच्या पेटीत काडी घालून पाहिली. काडीसोबत तार आली, शेंबडासारखी, बोटभर. माझ्या वेळी आली होती का? ते मला माहीत नाही. त्या दिवशी मी सरांच्या तोंडाकडे बघत होते, काडीकडे नाही.

सर, तुमचे गुडघे शाबूत राहोत, डोळे असेच बारीक बघोत, शंभरी गाठा आणि तेव्हाही चिखल तुडवत या. पण ग्रंथ छापून होईस्तोवर चंद्रकलाच्या माश्या थांबायच्या नाहीत. तेव्हा हे पान आधी सरांना वाचून दाखवा. तार आली तर पेटी जाळायची का जगवायची, याचं उत्तर सरांनीच द्यायचं. शिष्यांनी फोन उचलला तर तो सरांच्या हातात द्यायचा आणि गप उभं राहून ऐकायचं.