जमावबंदीत गोदामावशीची म्हस

गड्यांनो, तालमीच्या फळ्यापुढं गर्दी करू नका, एकेकानं येऊन वाचा. मुंबई सरकारचा हुकूम हाय!

तापाची साथ आलीया म्हणून आज सकाळी हवालदारानं गोदामावशीचा दूधकट्टा बंद केला. तिथं म्हशीची डोळ्यांदेखत काढलेली ताजी धार प्यायला झुंबड असती की! मावशी रडकुंडीला आली. "पोरा, आता म्हशीला घालू काय आन् आमी खाऊ काय?"

मी म्हटलं, "मावशे, गिऱ्हाइकानं यायचं न्हाय ना? मग म्हसच जाऊ दे!"

घेतला कासरा हातात आन् निघालो. दारोदार थांबायचं, मावशीनं तिथंच धार काढायची. तर पुढच्या वळणावर हवालदार उभाच!

"काय रं, जमाव करतुस व्हय?"

"साहेब, म्हस एकटीच हाय. आन् ती कुठं शिंकतीया?"

खिडक्याखिडक्यांतनं हशा पिकला. मावशीनं मात्र म्हशीच्या गळ्याला मिठी मारली, आता म्हस कोंडवाड्यात जाणार म्हणून.

हवालदारानं इकडंतिकडं बघितलं आन् हळूच म्हणाला, "बायको-पोरं तापानं पडल्यात रं. आधी माझ्या दारात चल."

तुमच्यात कोण आजारी हाय? फळ्यावर नाव लिवा. उद्या म्हस आधी तिथं थांबंल!