भाव सोडून बोला

कोणी भाव काढला की काका उठायचे. घराचा असो, सोन्याचा असो, कोथिंबिरीच्या जुडीचा असो. "भाव सोडून बोला," एवढं म्हणायचे आणि ताट घेऊन बाहेर डेकवर जायचे, भर हिवाळ्यातसुद्धा. आम्ही हसायचो. श्रूजबरीसारख्या अमेरिकन गावात चार मराठी माणसं जमल्यावर घरांच्या किमती सोडून बोलायचं तरी काय? तुमच्याही ओळखीत असा एखादा विक्षिप्त काका असेलच.

काका मूळचे नागपूरचे, इथल्या एका मशीन टूल कारखान्यातून रिटायर झालेले. मी शिकायला आले तेव्हा एअरपोर्टवर तेच घ्यायला आले होते, कुर्त्यावर जाड जॅकेट आणि डोक्यावर बेसबॉल कॅप. काकू गेल्यावर ते एकटेच राहायचे, पण एप्रिलमधली जयंती दरवर्षी त्यांच्याच घरी व्हायची. पंचशील म्हणताना सगळ्यांत खणखणीत आवाज त्यांचा. फक्त पहिलं शील आलं, जीवहत्या न करण्याचं, की ते गप्प व्हायचे आणि दुसऱ्यापासून पुन्हा सुरू करायचे. मला वाटायचं, त्यांना खोकला येत असेल.

अशाच एका जयंतीला मी बेसमेंटमधून फोल्डिंगच्या खुर्च्या आणायला उतरले. भर दुपार, वर माणसांची गडबड. खुर्च्या उचलत होते तेवढ्यात मागून एका पुरुषाने अगदी सभ्य, हळू आवाजात विचारलं, "हाऊ मच?"

मला वाटलं, नवरा मस्करी करतोय. वळले, तर मागे फक्त भिंतीला ठोकलेलं एक लोखंडी कपाट. नवरा बाहेर गाडीतून पुलावाचं पातेलं काढत होता.

मी खुर्च्या टाकून वर आले. काका जिन्याच्या तोंडाशीच उभे होते. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही.

"काय विचारलं त्याने?" ते म्हणाले.

"हाऊ मच."

काकांनी मान हलवली. "मला वाटत होतं, एकट्या मलाच ऐकू येतं."

सगळे गेल्यावर त्यांनी मला बसवून घेतलं आणि सांगितलं. नव्वदच्या दशकात बातमी आली होती की सैन्यात असतात तसल्या रायफली सरकार बंद करणार. नव्या बनणार नाहीत, पण ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांना ठेवता येतील, विकताही येतील. बंदी येण्याआधीच दुकानांवर उड्या पडल्या आणि आठवड्या-आठवड्याला भाव चढू लागले. कारखान्यातला फोरमन काकांना म्हणाला, सोनं समज, दोन घेऊन ठेव. काकांकडे लायसन्स होतं, कारण हाच फोरमन त्यांना एकदा हरणाच्या शिकारीला घेऊन गेला होता. त्या शिकारीत हरणाने काकांना पाहिलं, काकांनी हरणाला पाहिलं, आणि दोघंही आपापल्या घरी गेले. एवढाच त्यांचा बंदुकीशी संबंध. तरी त्यांनी दोन रायफली घेतल्या आणि कपाटात ठेवून दिल्या.

बंदी आली आणि फोरमनचं म्हणणं खरं ठरलं. पुढे देशभरातली बंदी उठली, बाकीच्या राज्यांत भाव खाली आले. आमच्या राज्याने मात्र आपला कायदा ठेवला, त्यामुळे इथे त्या जुन्या रायफलींची किंमत चढीच राहिली. काकूंना नवं किचन हवं होतं. काकांनी एक रायफल विकायला काढली.

घ्यायला एक तरुण गोरा मुलगा आला. कागदपत्रं चोख, बोलणं नम्र. त्याने फक्त विचारलं, हाऊ मच? घासाघीस करेल म्हणून काकांनी चढा भाव सांगितला. तो लगेच हो म्हणाला. काकू त्या दिवशी कितीतरी खूश होत्या.

काही महिन्यांनी त्या मुलाचा बाप दाराशी आला. हातात तीच रायफल. मुलाने त्याच रायफलीने स्वतःला संपवलं होतं. पोलिसांनी रायफल परत दिली होती, दुकानदार आणखी जास्त भाव देत होता, पण मुलाच्या मरणावर मला नफा नको, असं तो म्हणाला. रायफल ठेवून निघून गेला. काका नंतर पैसे परत द्यायला तळ्यापलीकडे त्याच्या घरापर्यंत जाऊन आले. त्याने घेतले नाहीत. आणि थोड्याच दिवसांत खाली ते विचारणं सुरू झालं.

"मग देऊन का नाही टाकली, काका? पोलीस घेतात ना."

काकांनी बेसमेंटच्या जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती दिली तर तो जाईल कुठे?"

पण जयंतीला येणारी लहान मुलंही खेळताना बेसमेंटमध्ये उतरायची. त्यांनाही ऐकू आलं तर, या विचाराने काका हलले. पुढच्या शनिवारी पोलिसांना आधी फोन करून दोन्ही रायफली कुलूपबंद पेटीत घालून आम्ही स्टेशनवर गेलो. तिथल्या ऑफिसरने पाहिलं आणि काकांना बाजूला घेतलं. भला माणूस होता. म्हणाला, सर, या बंदीच्या आधीच्या आहेत, डीलरला द्या, तुम्हाला किमतीचा अंदाज नाही असं दिसतंय.

"आहे," काका म्हणाले. "म्हणूनच तर आणल्यात."

परत निघताना काकांनी गाडीचं पुढचं दार उघडलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि लावून टाकलं. स्वतः मागे बसले. माझ्या शेजारची सीट रिकामी होती आणि हीटर लावूनही त्या बाजूचा माझा हात गार पडत होता. तळ्याच्या पुढच्या वळणावर काका म्हणाले, "इथे जरा थांबव गं." समोर एक पिवळं घर होतं. काका उतरले, पुढचं दार उघडलं, पाहुण्यासाठी धरतात तसं अदबीने धरून उभे राहिले. मग हलकेच लावलं. पुन्हा उघडून आता स्वतः पुढे बसले, बेल्ट लावला आणि घर येईपर्यंत गाढ झोपले.

बेसमेंटमध्ये नंतर कोणाला काही ऐकू आलं नाही. काका त्याच वर्षी हिवाळ्यात गेले, झोपेतच. क्युपर्टिनोहून मुलगी आली आणि घर विकून गेली.

परवा मी त्या वळणावरून येत होते. पिवळ्या घराच्या अंगणात एक म्हातारा पानं गोळा करत होता. मधेच थांबून, बाजूला वळून तो कोणाशी तरी बोलला, समोरचं ऐकून घ्यावं तसा थांबला, आणि हसला. अंगणात दुसरं कोणी नव्हतं.

हे काकांना सांगायला हवं, म्हणून माझा हात फोनकडे गेला. मग आठवलं, आणि तो मी परत स्टीअरिंगवर ठेवला.