चंचीतला गूळ

हसनाबादच्या सोनूबाईला शुगर निघाली तेव्हा गावाने मनातल्या मनात तिच्या शेळ्या विकूनही टाकल्या. इन्सुलिन घेणारी बाई माळावर काय फिरणार? सोनूबाई फिरली, आणि डोकं लावून फिरली. सकाळी बोट टोचून साखर बघायची, डॉक्टरांनी चालण्याच्या दिवसांसाठी कमी करून दिलेलं इन्सुलिन घ्यायचं, भाकरी खायची, मगच शेळ्या सोडायच्या. कमरेच्या चंचीत सुपारी, चुना आणि गुळाचे खडे. चालून चालून साखर फार उतरली की हातपाय थरथरतात, घाम फुटतो. तेव्हा तो गूळच औषध. हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरच्यांना सांगायचं तेवढं राहून गेलं, आणि तिथंच घोळ झाला.

सून रेणुका सासूला जिवापाड जपणारी. चंचीत गूळ दिसला तेव्हा तिच्या काळजात धस्स झालं. शुगर असून म्हातारी चोरून गोड खाते! तिने खडे काढून घेतले आणि चंची होती तशी गुंडाळून ठेवली.

त्या दिवशी माळावर सोनूबाईचे हात कापायला लागले. चंची उघडली तर नुसती सुपारी. शेजारच्या रानातला अजमत धावत आला नसता, त्याने आपला गोड चहा तिला पाजला नसता, तर पुढचं बोलायलाच नको.

घरी तिने थरथरीचं आणि गुळाचं सगळं सांगितलं, तसा मुलगा भारत तापला. "गूळ कुठं गेल्ता?"

रेणुकाच्या तोंडचं पाणी पळालं. सोनूबाईने एकवार सुनेकडे पाहिलं. "इसरले म्या," ती म्हणाली.

"मंग बास झालं. शेळ्या इकून टाकू. घरी बसून खाय."

"बसले की साखर चढती, बाबा. चालते म्हणून तर ताब्यात हाय."

भारतने ऐकलं नाही. त्याने व्यापाऱ्याला निरोप धाडला.

सोनूबाईने खरं सांगितलं असतं तर शेळ्या वाचल्या असत्या. पण सुनेच्या मायेला बोल लावायचा तिचा स्वभाव नव्हता. दोन दिवसांनी ती रेणुकाला एवढंच म्हणाली, "चल माळावर. एकडाव डोळ्यानं बघ."

टेकडी चढताना थरथर आलीच. सोनूबाई लगेच खाली बसली, चंचीतला गूळ चघळला, वर पाणी प्याली. घाई केली नाही. जरा वेळाने बोट टोचलं तर साखर वर आली होती. मग दोघींनी फडकं सोडून भाकरी खायला घेतली.

"रोज खाल्ला तर इख," सोनूबाई म्हणाली, "पण थरथरीला ह्योच औषध."

रेणुकाने हातातली भाकरी परत फडक्यात ठेवली.

संध्याकाळी व्यापारी दारात शेळ्यांचे दात बघत होता. रेणुका पुढे झाली. नवऱ्यासमोर, परक्या माणसासमोर सरळ म्हणाली, "आत्या इसरल्या नव्हत्या. गूळ म्या काढल्ता."

भारतने व्यापाऱ्याला हात जोडले. सोनूबाईने व्यापाऱ्याच्या हातातलं दावं सोडवून घेतलं आणि शेळी आत नेऊन बांधली.

सकाळी तिने चंची कमरेला लावली तर जड लागली. उघडून बघते तो रेणुकाने गूळ असा ठासून भरला होता की सुपारीला जागाच उरली नव्हती.