आल्या वाटेनं

आमची चौकी उत्तर काश्मीरमध्ये देवदारांच्या एका धारेवर होती. कोल्हापूरचे आम्ही तिघे-चौघे होतो, पण जोडी जमली ती माझी आणि भरमा पाटलाची. तो नेसरीकडचा, मी गारगोटीजवळचा. तो लान्स नाईक, मी नाईक. गस्तीच्या पेट्रोलवर तो स्काउट नंबर वन, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणारा. मी नंबर टू, त्याच्या मागे ठराविक अंतर ठेवून. पुढच्याने वाट बघायची आणि मागच्याने पुढच्याला बघायचं, एवढंच काम. त्यामुळे मला भरमाच्या चेहऱ्यापेक्षा त्याची पाठ जास्त आठवते.

बर्फ पडून सगळे अडकले होते तेव्हा कॅप्टन साहेबांनी चहा पिताना विचारलं, "तुम कोल्हापूरवाले किलों के मुल्क से हो. बताओ, कैसा होता है तुम्हारा किला?"

मी एकही बघितला नव्हता. सुट्टी मिळायची ती लग्नं, पेरणी आणि पै-पाहुण्यांतच संपायची. किल्ला बघायला कोण जातो? भरमाने मात्र रांगणा सांगायला घेतला. दरवाजे, तळं, रांगणाईचं देऊळ, आणि पश्चिमेच्या बुरुजावरून थेट दिसणारा समुद्र. साहेब खूश झाले. बंकरबाहेर आल्यावर मी विचारलं, "कवा गेलतास रं?"

"गेलतो कुठं? आमच्या आज्ज्यानं सांगिटल्यालं." मग म्हणाला, "समुद्राचं तेवढं मी घातलं. आता बघायला पायजे. साहेबाला खोटा रिपोर्ट देऊन चालायचं न्हाय."

पेन्शन आली की दोघांनी आधी रांगणा करायचा, हे तिथेच ठरलं.

पेन्शन मला एकट्याला आली. हवालदार होऊन परतलो तरी घरात बूड टेकेना. भुदरगड, सामानगड, पारगड, मसाईचं पठार, जिथे चढ दिसेल तिथे गेलो. पडके तट बघितले, बुजलेल्या विहिरी बघितल्या, कातळातल्या टाक्यांचं पाणी प्यालो. रांगण्याला तेवढा गेलो नाही. आणि एक खोड सुटली नाही. पेट्रोल ज्या वाटेने जातं त्या वाटेने परत येत नाही. गेलेली वाट दुश्मनाने बघितलेली असते. हा नियम मी गारगोटीच्या बाजारातही पाळायचो. बायको शेजारणींना सांगायची, "पीठ आणाय गेलं तरी गावाला येढा घालून येतंय ह्ये. मोगल मागं लागल्यागत."

भरमाची मुलगी सुजाता गारगोटीच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली आणि आमच्याकडे येऊ लागली. बाप गेला तेव्हा ती नुकती चालायला शिकली होती. एका रविवारी तिने सरळच विचारलं.

"काका, बाबा कसं गेलं ते मला कोण धड सांगत न्हाय. आई रडती. आप्पा आज्जा म्हंत्यात, देशासाठी गेला. ते मला बी म्हाईत हाय. तुम्ही संगं हुता. तुम्ही सांगा."

"च्या घे," मी म्हणालो.

पुढच्या प्रत्येक रविवारी तिने विचारलं आणि मी चहा पुढे केला. शेवटी ती कंटाळली. "मग मला रांगण्याला न्या. चालताना तरी बोलशीला."

पाऊस उलटला होता, गवत पिवळं पडत होतं. पाटगावचं धरण मागे टाकून गडाच्या पायथ्याला भटवाडीत बाईक लावली. शेवटच्या घराच्या कट्ट्यावर एक म्हातारा सुतळी वळत बसला होता.

"पावणं, किती जण?"

"दोघं."

"आलासा की सांगून जावा. मी वर जाणारी मानसं मोजून सोडतो आन् मोजून घेतो. रानात गवं हाईत."

जंगलातून चालताना मी तिला स्काउटचं काम समजावलं. पुढच्याने काय बघायचं, मागच्याने काय बघायचं. ती मन लावून ऐकत होती. गडाच्या दरवाज्याशी थांबून मी वाट वळणावर का घेतली आहे ते दाखवलं. समोरून येणाऱ्याला धाव घेता येऊ नये, आणि वळला की त्याची कूस तटावरच्या माणसापुढे यावी. तटात उंबराची मुळं शिरली होती. वाड्याचं नुसतं जोतं उरलं होतं आणि त्यात करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या. तळ्यात पाणी भरपूर होतं. बांधणाऱ्याने जागा अचूक हेरली होती. भरमाच्या आज्ज्याने सांगितलेलं सगळं जागच्या जागी होतं.

पश्चिमेच्या बुरुजावर पोचलो तर कोकणातून धुकं वर आलेलं. पांढऱ्याशिवाय काही दिसेना. मी तिला समुद्राची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली.

"म्हंजे बाबा थापा बी मारायचं व्हय? ह्ये कुणी सांगितलंच न्हाय मला."

तिथून परतीला मी तळ्यामागची ढोरवाट धरली. येताना ती हेरून ठेवली होती. डोंगराच्या घडणीवरून ती खाली मुख्य वाटेला मिळणार असा माझा हिशोब होता. धुकं दाट झालं. वाट बारीक होत कारवीत शिरली आणि संपली. तरी मी चालत राहिलो. पायाखालचा एक दगड सुटून पुढे गेला. त्याच्या पडण्याचा आवाज आलाच नाही. सुजाताने माझी सॅक मागून घट्ट धरली.

"काका, म्होरं कडा हाय."

"वाट खालनं असंल."

"न्हाय. आल्या वाटेनं मागं जाऊया."

"ते जमायचं न्हाय."

वरच्या बाजूला कारवीत काहीतरी जड हललं आणि फुरफुरलं. गवाच असावा. आम्ही श्वास धरून उभे राहिलो. तो आवाज लांब गेला. उजेड उतरत होता, फोनला रेंज नव्हती. भरमाची एकुलती एक पोर मी कड्याच्या तोंडाशी आणून उभी केली होती आणि मी मागे वळायला तयार नव्हतो. भीती वाटत होती, आणि ती कड्याची नव्हती.

"का जमायचं न्हाय?" तिने विचारलं.

मग सांगितलं. तिथेच, कारवीला धरून.

त्या दिवशी पेट्रोलमधला एक जवान घसरून दगडांवर पडला. डोक्याला मार, बेशुद्ध. परतीची ठरलेली वाट नाल्यातून फिरून जाणारी, फार लांबची. सुभेदार साहेबांनी रेडिओवर विचारलं, "कॅज्युअल्टी सीरियस. पुराने रास्ते से आने की इजाज़त? ओवर." चौकीवरून उत्तर आलं, "इजाज़त है. सावधानी से. ओवर." हुकूम बरोबर होता. हुकूम देणाऱ्याच्या जागी मी असतो तर हाच दिला असता. भरमा पुढे झाला. चार पावलं जाऊन माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "अंतर वाढीव." मी वाढवलं. सकाळी आम्ही चाललेल्या वाटेवर मधल्या वेळात कुणीतरी माइन पुरून गेलं होतं. भरमाचा पाय तिच्यावर पडला. ज्या अंतरावर मी नेहमी चालायचो तिथली जमीनही उडाली. मी तिथे नव्हतो. माझ्या मागचे सगळे वाचले. तो बेशुद्ध जवानही वाचला, आता दर दिवाळीला त्याचा फोन येतो. स्फोटाने सुभेदार साहेबांना ऐकू येईना म्हणून रेडिओ माझ्या हातात आला. चौकीवरून विचारत होते, "गिनती बताओ. ओवर." पुन्हा, "गिनती बताओ." मला बोलता आलं नाही. मागच्या कुणीतरी रेडिओ घेतला.

सुजाताने माझी सॅक सोडली. मग तिने विचारलं, "बाबास्नी म्हाईत हुतं?"

"नक्की न्हाय. पर स्काउटला ते कायम म्हाईतच असतंय, पोरी."

तिने ओढणीने तोंड पुसलं. "मी म्होरं जाते. तुम्ही मागं या."

"म्होरं न्हाय जायचं. मी सांगतो म्हणून."

"तुम्ही अजून कड्याकडंच त्वांड करून हुबा हाईसा. आन् मागच्यानं म्होरच्याला बघायचं असतंय. सकाळी तुम्हीच सांगितलासा की."

ती निघाली. मी अंतर ठेवलं नाही, हात लांबवला तर तिची सॅक लागेल इतका जवळ चाललो. धुक्यात ती पाठ पुढे चालली होती. डावा खांदा किंचित खाली, अगदी भरमासारखीच. तिचं प्रत्येक पाऊल टेकेपर्यंत मी ते बघत होतो. तळ्याजवळच्या चिखलात आमच्याच बुटांचे सकाळचे ठसे आमच्याकडे तोंड करून उमटले होते. तिने त्यांच्यावरच पाय ठेवला. मग मी ठेवला. चिखल होता, दुसरं काही नव्हतं. दरवाजा आला, जंगल आलं, झाडांतून भटवाडीच्या चुलींचा धूर दिसला.

म्हातारा कट्ट्यावरून उठून वाटेवर येऊन उभा होता. आम्हाला बघून म्हणाला, "दोघं गेलतासा, दोघं आलासा. गिनती बरोबर."

मी त्याच्या कट्ट्यावर बसलो आणि रडलो. म्हाताऱ्याला वाटलं, चढाने दमलो. त्याने तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणून दिला. पाटगावजवळ रेंज आली तशी सुजाताने बाईक थांबवायला लावून आईला फोन केला. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो. तरी एक वाक्य ऐकू आलं. "आई, बाबांनी काकास्नी मागं ऱ्हा म्हणून सांगितलं, म्हणून काका हाईत."

आता पिठाची गिरणी आणि घर यांच्यात मी एकच रस्ता वापरतो. बायको म्हणते, मोगल परत गेले वाटतं.

लान्स नाईक भरमा पाटील, स्काउट नंबर वन, पेट्रोल परतत असताना कामी आले. रांगण्याचा त्यांचा रिपोर्ट तपासायचा अजून बाकी आहे. आभाळ निवळलं की सुजाता आणि मी पुन्हा त्या बुरुजावर जाणार आहोत. समुद्र दिसला तर उत्तम. नाही दिसला तरी कॅप्टन साहेबांना आम्ही 'समुद्र दिसतो' असंच कळवणार.