नऊ रेघा आणि त्रिपाठीजींचं मौन

फाइल प्रिंटला जायला दोन दिवस उरले होते आणि इंग्लंडहून पुस्तकाच्या संपादक प्रोफेसरबाईंचा मेल आला. एकच प्रश्न होता. या नऊ जागा कोणी भरल्या?

आमची कंपनी फरीदाबादला. परदेशी प्रकाशकांचा मजकूर आम्ही कंप्युटरवर पानांत लावून देतो. याला टाइपसेटिंग म्हणतात. हे पुस्तक म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी प्रहसन, पहिल्यांदा छापलं गेलं तसंच्या तसं. त्यात नट चावट शब्द स्टेजवर बेधडक बोलून जायचे. बोललेलं विरून जातं. छापलेलं राहतं, आणि त्यावर छापणाऱ्याचं नाव असतं. म्हणून त्याने असे शब्द गाळून तिथे नुसती आडवी रेघ टाकली. वाचणारे ती मनातल्या मनात भरायचे, बहुतेक मूळ शब्दाहून वाईट. बाईंची सगळी प्रस्तावना या रेघांवरच होती: शब्द गाळायचा की नाही हे शब्दावर नाही, तो कोणासमोर येतो यावर ठरतं.

आणि आमच्या पानांवर एकही रेघ नव्हती.

भरल्या होत्या सुनीताने. ती आमच्याकडे सात वर्षं ऑपरेटर आहे. नंतर निघालेल्या एका जुन्याच आवृत्तीत ते शब्द उघड छापले होते, तिथून तिने घेतले.

"सर, चेकलिस्ट में लिखा है, गॅप दिखे तो दूसरी कॉपी से भरो," ती म्हणाली.

लिहिलं होतं खरं. चेकलिस्ट माझीच. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला, त्यात इंग्रजीत एम.ए. परभणीत वडील अजूनही लोकांना माझी ओळख तशीच करून देतात. चेकलिस्ट मी मोठ्या तोऱ्यात केली होती. रेघ मुद्दाम टाकलेली असू शकते, हे त्यात नव्हतं.

पण मग प्रूफमध्ये कसं सुटलं? आमच्याकडे प्रूफ जोडीने वाचतात. एक जण आमचं पान मोठ्याने वाचतो, दुसरा मूळ प्रतीवर बोट ठेवून ताडून बघतो. वाचायला होते त्रिपाठीजी, रिटायरमेंटला आलेले. समोर नेहा, चोवीस वर्षांची.

"जाधव साहब, बच्ची सामने बैठी थी," त्रिपाठीजी म्हणाले. "मैं वो शब्द मुँह से निकालता?"

"म्हणजे तुम्ही काय केलंत?"

"चुप रहा. फिर आगे पढ़ा."

नेहाने कपाळावर हात मारला. तिच्या मूळ प्रतीत तिथे रेघ होती. हे गप्प बसले, तिला वाटलं जुळलं. नऊच्या नऊ वेळा.

"अंकल, इससे गंदा तो मैं रोज़ मेट्रो में सुनती हूँ," ती म्हणाली. "बोल देते यार."

भाटिया सर आमचे बॉस. त्यांना ही कथा नको होती. "नाम दो. क्लायंट को लिखना है कि ऑपरेटर को निकाल दिया."

"सर, तिने सांगितलं तेच केलं."

"तो किसने सांगितलं?" मराठी शब्द ते असे वेळ बघून वापरतात.

मी जागेवर येऊन बसलो. चूक झाली की कोणाचं तरी नाव द्यायचं, असा वर्षातला हा तिसरा प्रकार. भांडायचं त्राण नव्हतं. मेलमध्ये सुनीताचं नाव टाइप केलंसुद्धा. काही वेळ ते तसंच स्क्रीनवर होतं. मग खोडलं आणि बाईंना झालं ते सगळं लिहिलं, माझ्या चेकलिस्टपासून त्रिपाठीजींच्या मौनापर्यंत. भाटिया सरांना न विचारता पाठवलं.

संध्याकाळी उत्तर आलं. रेघा परत टाका, कोणालाही काढू नका. खाली एक ओळ होती. मी प्रस्तावनेत जे सिद्ध करायला तीन वर्षं घालवली, ते तुमच्या त्रिपाठींनी एका दुपारी करून दाखवलं.

सुनीता कामावर आहे. न विचारता मेल केल्याबद्दल तो क्लायंट माझ्याकडून काढून घेतला गेला. आता मी शाळेच्या गणिताच्या पुस्तकांवर आहे.

शिकलो एवढंच. प्रूफ वाचायला जोडी बसवताना कोणाचं इंग्रजी किती हे नंतर बघावं. आधी कोणाला कोणासमोर लाज वाटते ते विचारावं.