गोळी घेतली का, बाबू?

किस्से साठतात कशामुळं, ठाऊक आहे? ऐकणारं माणूस गेलं की साठतात. पूर्वी दिवसभरात जे घडायचं ते संध्याकाळी जेवताना बायकोला, सुमतीला सांगून मी मोकळा व्हायचो. आमटी वाढता वाढता ती हसायची आणि किस्सा तिथंच संपायचा. ती गेल्यापासून एकही संपलेला नाही. आता तुम्ही सापडलाय तर बसा जरा, चहा टाकतो.

मी शाळेत संगीत शिकवायचो. रिटायर झालो, सुमती गेली, मुलगा बेंगळुरूला. घरात दिवसदिवस तोंड उघडायचं काम पडेना, तेव्हा राजारामपुरीतल्या एका कार्यशाळेत जायला लागलो. तिथं पंधरा-वीस जण कागदी पिशव्या करतात. वयानं तिशी ते पन्नाशीची माणसं, पण कुठलीही गोष्ट शिकायला त्यांना फार वेळ लागतो. सांगितलेलं विसरतात, गाणं मात्र विसरत नाहीत. म्हणून तिथल्या शैला सिस्टर म्हणाल्या, सर, हात धुणं, दात घासणं, औषध घेणं, सगळं गाण्यात बसवा. मला काय, बसवलं!

*

पहिलं गाणं हात धुण्याचं. साबण किती वेळ चोळायचा ते सिस्टरनी सांगितलं, तेवढ्या लांबीची तीन कडवी केली. पण मी पडलो संगीत मास्तर. कडव्यांच्या मध्ये पेटीचा एखादा तुकडा टाकल्याशिवाय मला चैन कुठलं! पहिलं कडवं संपलं, मी पेटी वाजवायला लागलो आणि सगळ्यांचे हात थांबले. शब्द नाहीत तर चोळायचं कशाला? फेसाचे हात वर धरून सगळे माझा तुकडा संपायची वाट बघत उभे.

आठवड्याभरानं शकुंतलाचा भाऊ आला. शकुंतला पन्नाशीची, सगळ्यांत शिस्तीची. घरी एक कडवं झालं की ती थांबते आणि पेटी वाजल्याशिवाय पुढं सरकत नाही म्हणे. भाऊ अगदी शांतपणे म्हणाला, "सर, पेटी कुठली घिऊ तेवढं सांगा."

*

मग दात घासण्याचं. चाल फक्कड जमली होती, मीच खूश. सगळ्यांच्या हातात ब्रश दिले, पेस्ट लावली, म्हटलं घासत घासत म्हणा माझ्याबरोबर! तोंडात ब्रश असताना माणूस गाणार कसा, हे तीस वर्षं गाणं शिकवलेल्या या शहाण्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. पहिल्या ओळीलाच माझा पांढरा शर्ट, चष्मा आणि पेटीच्या पट्ट्या, सगळ्यांना पेस्ट लागली.

घरी येऊन शर्ट भिजत घातला. सुमती असती तर पोट धरून हसली असती. मी एकटाच बादलीपुढं उभा राहून हसलो. एकट्यानं फार वेळ हसता येत नाही.

*

तिसरं, कुठं दुखतंय ते सांगायचं. डोकं, डोळं, कान, दात असं वरून खाली एकेक अवयव, आणि प्रत्येकावर हात ठेवून व्हय की न्हाय म्हणायचं. एक दिवस शकुंतला लंगडायला लागली. सिस्टर आणि मी तिला डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं. ती उठून उभी राहिली आणि डोक्यापासून सुरू झाली.

बाहेर पेशंटची ही रांग! कंपाउंडर दारातून दोनदा डोकावला. पोटापर्यंत आली, पोट न्हाय. कंबर न्हाय. मी मध्येच गुडघा म्हटलं, तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसलो. शेवटी टाच आली आणि ती जोरात व्हय म्हणाली. डॉक्टर बिचारे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "सर, पुढच्या वेळी पायापासून चढत येणारं एक करा."

*

आता बाबू. बेचाळीस वर्षांचा, शाहूपुरीत आई आणि भाऊ-वहिनीबरोबर राहायचा. फिट येऊ नये म्हणून त्याला रोज सकाळी एक गोळी. नुसतं घे म्हटलं की तोंड घट्ट मिटायचा. त्याच्यासाठी सवाल-जवाब केला. आपण म्हणायचं, "गोळी घेतली का, बाबू, गोळी घेतली का?" मग बाबू गोळी घेणार, पाणी पिणार आणि म्हणणार, "घेतली की घेतली, पाण्यासंगं गिळली!" सवाल आला तरच जवाब. स्वतःहून सवाल त्यानं कधीच म्हटला नाही.

घरी सवाल त्याची आई म्हणायची. सत्तरीची बाई, सूर कशाशी खातात माहीत नाही. मी एकदा चूक काढली तर म्हणाली, "सर, गोळी पोटात गेली म्हंजे झालं. सूर कुठं बी जाऊ दे."

ती आई अचानक गेली. वहिनी गोळी द्यायची, पण गायची तिला लाज वाटायची, आणि सवाल नाही तर बाबूचा जवाब नाही. चौथ्या दिवशी पिशव्यांच्या टेबलापाशी त्याला फिट आली. कपाळाला पाच टाके पडले. वहिनी रडत होती. मी म्हटलं, रडू नका, रोज सकाळी आठला मी फोन करतो.

आणि केला. मी सवाल म्हणायचो, पलीकडं बाबू घटाघटा पाणी प्यायचा, मग जवाब. पाण्याचा आवाज आल्याशिवाय मी फोन ठेवायचो नाही, कारण पठ्ठ्या गोळी गालात धरून ठेवायचा. सहा महिने एकही दिवस चुकवला नाही. खरं सांगतो, कार्यशाळेला सुट्टी असली की दिवसभरात माझं तेवढंच बोलणं व्हायचं. साडेसातपासून मी फोन पुढ्यात घेऊन बसायचो.

मग एक दिवस वहिनीचा फोन आला. सर, मला आता जमतंय, उद्यापासनं तुमाला त्रास नको. मी म्हटलं, वा, फार छान झालं. फोन ठेवला आणि मला घर खायला उठलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला. वहिनीचा नंबर. उचलला तर बाबू. ना हॅलो, ना काही. सरळ सूर लावला.

"गोळी घेतली का, सर, गोळी घेतली का?"

माझी ब्लडप्रेशरची गोळी सुमती ताटाशेजारी ठेवायची. ती गेल्यापासून पाकीट फ्रिजवर पडून होतं. घेतली तर घेतली, कोण विचारतंय! बाबू पलीकडं थांबून राहिलेला, नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी मी घसा खाकरला आणि जागचा न हलता म्हणून टाकलं, "घेतली की घेतली, पाण्यासंगं गिळली."

बाबू म्हणाला, "सर, पाण्याचा आवाज आला न्हाय."